एकट्या प्रोग्रॅमरची रोजकीर्द

मुंबईच्या पाहुण्यांना "लॅमिंग्टन रोडला जाऊन येतो" असं सांगितलं, की त्यांच्या डोळ्यांसमोर ग्रँट रोडजवळचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार उभा राहतो. हुबळीकराला मात्र चेन्नम्मा सर्कलजवळचा आपला रस्ता दिसतो. दोन्ही रस्त्यांना नाव एकाच माणसाचं, १९०३ ते १९०७ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टन यांचं. धारवाड जिल्हा तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. पुढे मुंबईतला रस्ता कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग झाला, पण लोक जुनंच नाव घेतात. आपलं गावही १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी कागदावर हुब्बळ्ळी झालं, आणि घरात आपण अजून हुबळीच म्हणतो. एका नावाच्या दोन जागा, एका जागेची दोन नावं.

रस्त्यांच्या बाबतीत यात गंमत आहे. दुकानातल्या बिलिंगच्या प्रोग्रामच्या बाबतीत मात्र हाच घोळ पैशात मोजावा लागतो. आपल्या घराघरांतली मुलं-मुली आज एकट्याने सॉफ्टवेअरची कामं घेतात. कुणी दुकानांची बिलं, कुणी दवाखान्याची नोंदणी, कुणी शाळेची फी. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हा लेख आहे.

घटस्थापनेच्या दिवशी बदललेले दर

२२ सप्टेंबर २०२५ ही तारीख कुठल्याही दुकानदाराच्या लक्षात असेल. त्या दिवशी घटस्थापना होती आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आले. लोणी-तूप १२ वरून ५ वर, एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ वर. निर्णय जाहीर झाला ३ सप्टेंबरला. म्हणजे तयारीला हातात दिवस होते १९.

समजा, विद्यानगरात राहणारी एक मुलगी एकटीच बिलिंगचं सॉफ्टवेअर लिहिते आणि लॅमिंग्टन रोडवर व आसपास तिची वीस दुकानं आहेत. वरवर पाहता काम सोपं वाटतं, जुना आकडा काढून नवा घालायचा. पण २१ तारखेला विकलेला माल २५ तारखेला परत आला, तर क्रेडिट नोट जुन्याच दराने निघाली पाहिजे. म्हणजे प्रोग्रामने आजची तारीख न पाहता मूळ बिलाची तारीख पाहायला हवी. दोन्ही दर त्याच्या पोटात असायला हवेत.

तिने काम पुरं केलं, दुकानादुकानांत जाऊन नवा प्रोग्राम बसवला. मध्येच परतीच्या बिलातली एक चूक सापडली, ती दुरुस्त केली आणि उरलेल्या दुकानांत दुरुस्त केलेला प्रोग्राम घातला. पाचव्या दिवशी एका दुकानातून फोन येतो, "अक्का, रिटर्नचं बिल चुकतंय, गिऱ्हाईक समोर उभं आहे." आता प्रश्न असा, की या दुकानात दुरुस्तीच्या आधीचा प्रोग्राम गेला की नंतरचा? तिच्या लॅपटॉपवर चार फोल्डर आहेत. "बिलिंग", "बिलिंग नवीन", "बिलिंग फायनल" आणि "बिलिंग फायनल खरं". चारही उघडून पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही, आणि पाहूनही खात्री होत नाही.

उदाहरण कल्पनेतलं असलं, तरी असे चार फोल्डर एकट्याने काम करणाऱ्या कित्येकांच्या लॅपटॉपवर सापडतील. त्यावरचा इलाज म्हणजे व्हर्जन कंट्रोल.

ही तर आपली जुनीच ओळखीची वही

ज्यांनी पेढीवर किंवा दुकानात हिशेब पाहिला आहे, त्यांना व्हर्जन कंट्रोल समजायला दोन मिनिटं पुरतील. रोजकीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहिले जातात. तारीख, रक्कम, कशापोटी. चूक झाली तर पान फाडत नाहीत, खाडाखोड करत नाहीत, उलट नोंद घालतात. त्यामुळे वर्षभराने कुणी विचारलं, तर काय झालं, कधी झालं आणि का झालं हे पानावरच दिसतं.

प्रोग्राम म्हणजे शेवटी लिहिलेला मजकूरच. व्हर्जन कंट्रोल त्या मजकुराची रोजकीर्द ठेवतं. प्रत्येक बदलाची एक नोंद होते, तिला कमिट म्हणतात. कुठल्या ओळी बदलल्या, केव्हा बदलल्या, कुणी बदलल्या आणि कशासाठी, हे त्या नोंदीत असतं. मागच्या कुठल्याही दिवशी प्रोग्राम जसा होता तसा परत उभा करता येतो. झालेला बदल नको असेल तर उलट नोंदीचीही सोय आहे, तिला रिव्हर्ट म्हणतात. जुनी नोंद तशीच राहते, तिच्याखाली उलट नोंद पडते.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारीखवार नोंद ठेवणं, आणि ती नोंद बंद करता न येणं, सक्तीचं झालं आहे. हा नियम हिशेबातल्या नोंदींपुरता आहे, प्रोग्रामच्या मजकुराला तो लागू नाही. पण दुसऱ्याच्या हिशेबाला ऑडिट ट्रेल पुरवणाऱ्या माणसाच्या स्वतःच्या कामाला मात्र ट्रेल नसावा, हे काही बरं दिसत नाही.

"मी एकटाच आहे, मला कशाला?"

हा प्रश्न नेहमी येतो. व्हर्जन कंट्रोल म्हणजे पन्नास जणांच्या कंपनीतली भानगड, अशी समजूत असते. खरं तर कंपनीत "हे असं का केलं?" विचारायला शेजारची खुर्ची असते. एकट्याला विचारायला फक्त सहा महिन्यांपूर्वीचा स्वतःच असतो, आणि तो फोन उचलत नाही.

एकट्याने ठेवलेल्या रोजकीर्दीचं मोठं उदाहरण म्हणजे डोनाल्ड क्नूथ. पुस्तकं आणि गणिताचे लेख छापण्यासाठी जगभर वापरला जाणारा टेक हा प्रोग्राम त्यांचा. १९७८ पासून पुढची दहा वर्षं त्यांनी टेकमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवली आणि १९८९ मध्ये ती सगळी यादी, साडेआठशेहून जास्त नोंदींची, लेख लिहून छापून टाकली. प्रत्येक चुकीची जात त्यांनी लावली. ही विसरभोळेपणाची, ही टायपिंगची, ही विचारातली. एवढा मोठा माणूसही स्मरणशक्तीवर विसंबला नाही, हे लक्षात घेण्यासारखं आहे.

कुठली वही घ्यावी?

ही साधनं नवी नाहीत. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस नावाचं असं साधन तयार केलं. त्यानंतर बरीच आली. आज एकट्या माणसाने निवड करताना तीन प्रश्न विचारावेत. वीज किंवा नेट नसताना चालेल का? सगळा इतिहास माझ्या हातात राहील का? आणि उद्या मी नसलो तर दुसऱ्याला ही वही वाचता येईल का?

सबव्हर्जन २००० साली सुरू झालं आणि पुष्कळ वर्षं गाजलं. पण त्यात इतिहास एका सर्व्हरवर असतो. सर्व्हरपर्यंत पोचता आलं नाही तर नोंद करता येत नाही. जुन्या कामात ते असेल तर लगेच टाकून द्यायची गरज नाही, पण नव्याने सुरुवात करताना घेऊ नये.

गिटची गोष्ट दुसऱ्या प्रश्नाशी जोडलेली आहे. लिनक्सचे लोक २००२ पासून बिटकीपर नावाचं एका कंपनीचं साधन फुकट वापरत होते. २००५ मध्ये वाद झाला आणि कंपनीने फुकट वापराची परवानगी काढून घेतली. तेव्हा लिनस टोरव्हाल्ड्स यांनी स्वतःच नवं साधन लिहायला घेतलं आणि ७ एप्रिल २००५ रोजी गिटची पहिली नोंद गिटमध्येच झाली. त्याच महिन्यात, त्याच कारणाने मर्क्युरियल हे दुसरं साधनही जन्मलं. दुसऱ्याच्या अटींवर आपली वही ठेवली की काय होतं, ते यात दिसतं.

मर्क्युरियल शिकायला सोपं होतं आणि आजही चालतं. पण ते सांभाळणाऱ्या मोठ्या ठिकाणांपैकी एक असलेल्या बिटबकेटने २०२० मध्ये त्याची सोय बंद केली. आज नवीन मुलांपैकी फार थोड्यांना ते येतं.

एकट्यासाठी खरोखर विचारात घ्यावं असं आणखी एक साधन आहे, फॉसिल. मोबाइल-मोबाइलमध्ये असलेला एसक्यूलाइट हा डेटाबेस ज्यांनी लिहिला, त्या रिचर्ड हिप यांचंच हे काम. एकच फाइल उतरवायची, आणि सगळा इतिहासही एकाच फाइलमध्ये. तक्रारींची यादी आणि टिपणं ठेवायची सोय आतच आहे. छोट्या कामाला ते फार सुटसुटीत पडतं.

तरीही तिसऱ्या प्रश्नावर गिट पुढे जातं. हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या मुलाला गिट माहीत असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. तुमची वही दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली, तर हाच गुण कामाला येतो. म्हणून निवड गिटची. ते फुकट आहे, नेटशिवाय चालतं, आणि प्रत्येक प्रतीत पूर्ण इतिहास असतो.

गिटचा आणखी एक गुण म्हणजे ते नावावर विश्वास ठेवत नाही. मजकुरावरूनच गणित करून ते प्रत्येक नोंदीला चाळीस अक्षरी ओळख देतं. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी ओळख बदलते. "फायनल" आणि "फायनल खरं" हा वाद तिथे उरतच नाही.

पहिल्या संध्याकाळचं काम

गिट बसवल्यावर एकदा आपलं नाव आणि ईमेल त्यात नोंदवायचं. मग प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये जाऊन "गिट इनिट" ही आज्ञा द्यायची, अर्थात इंग्रजी अक्षरांत. त्या फोल्डरच्या आत एक लपलेलं फोल्डर तयार होतं. तीच वही.

पहिली नोंद करण्याआधी एक यादी लिहायची, "गिट इग्नोर" नावाची. वहीत काय येऊ नये, ते तिच्यात येतं. दुकानांचा डेटा, बिलांचे बॅकअप, प्रोग्राम तयार करताना आपोआप बनणाऱ्या फाइली आणि पासवर्डची फाइल. हे काम आधी करायचं कारण असं, की एकदा नोंदीत गेलेला पासवर्ड पुढच्या नोंदीत पुसला तरी मागच्या पानावर तो राहतोच. असं झालंच तर पासवर्ड बदलणं हाच खरा उपाय.

मग "गिट ॲड" आणि "गिट कमिट". पहिली नोंद आहे त्या अवस्थेची करा. आधी आवरून घेऊ, मग वही सुरू करू, असं म्हणणाऱ्याची वही सुरू होत नाही. आजवरचे जुने फोल्डर फेकू नका. तारखेच्या क्रमाने तेही एकेक करून नोंदवता येतात. तेवढा वेळ नसेल तर झिप करून, तारीख घालून बाजूला ठेवा.

पुढे रोज एकच नियम पाळा, एका कारणाची एक नोंद. दिवसभराची दहा कामं एका नोंदीत कोंबू नका. आणि नोंदीखालच्या ओळीत "बदल केले" असं लिहू नका, ते गिटला कळतंच. कारण लिहा. "परतीच्या बिलाला मूळ बिलाच्या तारखेचा दर लावला, २१ सप्टेंबरपर्यंतच्या विक्रीसाठी" अशी ओळ वर्षभराने सोन्याच्या मोलाची ठरते. ओळ मराठीत लिहिली तरी चालते. फाइलींची नावं मराठीत किंवा कन्नडमध्ये असतील तर गिट ती आकड्यांच्या विचित्र माळेसारखी दाखवतं. "कोअर डॉट कोट-पाथ" ही सेटिंग "फॉल्स" केली की नावं नीट दिसतात.

अशा छोट्या नोंदींचा आणखी एक फायदा आहे. महिन्यापूर्वी बरोबर असलेली बेरीज आज चुकते, आणि मध्ये शंभर नोंदी झाल्या आहेत. "गिट बायसेक्ट" मधली नोंद उघडून देतं, ती बरोबर की चूक हे तुम्ही सांगायचं. दर वेळी निम्म्या नोंदी बाद होतात. शंभरातली दोषी नोंद फार तर सात वेळा तपासून सापडते.

एक अडचण मात्र आधीच सांगायला हवी. गिटला साधा मजकूर वाचता येतो. एक्सेलची फाइल किंवा व्हिज्युअल फॉक्सप्रोचा फॉर्म ते सांभाळून ठेवतं, पण आत नेमकं काय बदललं ते दाखवू शकत नाही. मायक्रोसॉफ्टने फॉक्सप्रोचा आधार २०१५ मध्ये पूर्ण काढून घेतला, तरी त्यावर चालणारे जुने प्रोग्राम आहेतच. त्यांचे फॉर्म मजकुरात बदलून देणारी साधनं मिळतात. ती वापरून मग नोंद करावी.

कुठल्या दुकानात काय आहे

आता त्या फोनकडे येऊ. दुकानात प्रोग्राम बसवायला निघण्याआधी त्या क्षणाच्या नोंदीला एक खूण लावायची, तिला टॅग म्हणतात. उदाहरणार्थ "बिल-२०२५-०९-२०". तोच टॅग प्रोग्रामच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात दिसेल अशी व्यवस्था करायची. आणि एका साध्या यादीत दुकान, टॅग, बसवल्याची तारीख, एवढे तीन रकाने ठेवायचे.

फोन आला की विचारायचं, "खाली कोपऱ्यात काय लिहिलंय ते वाचा." त्यांनी तारीख वाचली की दुरुस्ती त्या दुकानात पोचली आहे की नाही हे लगेच कळतं. "गिट लॉग" दोन टॅगमधल्या सगळ्या नोंदी ओळीने दाखवतं. दुकानदाराला जुन्याच प्रोग्रामवर राहायचं असेल, तर त्या टॅगवर परत जाऊन, तिथून वेगळी फांदी काढून तेवढीच दुरुस्ती करता येते.

पण प्रत्येक दुकानासाठी कायमची वेगळी फांदी किंवा वेगळं फोल्डर ठेवू नका. वीस दुकानांचे वीस प्रोग्राम झाले, की दर बदलताना तोच बदल वीस वेळा करावा लागतो, आणि एक तरी सुटतो. प्रोग्राम एकच ठेवा. दुकानाचं नाव, बिलाचा आकार, कन्नड की इंग्रजी मथळा, हे फरक सेटिंगच्या फाइलीत घाला.

वही आणि कपाट

सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो. कमिट केलं म्हणजे सुरक्षित झालं, असं नाही. वही त्याच लॅपटॉपवर आहे. लॅपटॉप गेला की वहीही गेली. गिट आणि गिटहब यांतही गोंधळ होतो. गिट ही वही आहे, गिटहब हे वहीची प्रत ठेवायचं एक कपाट. ते २००८ मध्ये सुरू झालं, २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतलं आणि जानेवारी २०१९ पासून तिथे खासगी जागाही फुकट मिळते. ती उघडताना "प्रायव्हेट" निवडलं आहे ना, हे दोनदा पाहा.

पण एकाच कपाटावर विसंबू नका. गूगलनेही गूगल कोड ही आपली अशीच सोय २०१६ च्या सुरुवातीला बंद केली होती. म्हणून लॅपटॉपवर एक, नेटवर एक आणि बाहेरच्या डिस्कवर एक, अशा तीन प्रती असाव्यात. डिस्क शक्यतो दुसऱ्या घरी ठेवावी, लॅपटॉपच्याच बॅगेत नको. रोज काम संपलं की "गिट पुश", आठवड्याला एकदा डिस्कवर. गिटचं फोल्डर गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हच्या आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवू नका. त्यांच्या ओढाताणीत वहीची पानं बिघडू शकतात. दुकानांच्या डेटाचा बॅकअप हे तर वेगळंच काम, ते गिटकडून होत नाही.

तीन महिन्यांतून एकदा परीक्षा घ्या. दुसऱ्या संगणकावर प्रत उतरवा, प्रोग्राम तयार करा आणि एक बिल छापून पाहा. बिल निघालं तर प्रत खरी.

घरच्यांसाठी एक पान

शेवटची गोष्ट प्रोग्रॅमरच्या घरच्यांशी बोलून करायची आहे. एकट्याच्या धंद्यात माणूस आजारी पडला, की वीस दुकानांचं काम अडतं. त्याहून वाईट काही घडलं, तर घरातल्यांना फोन येत राहतात आणि त्यांना काय सांगावं ते कळत नाही.

म्हणून एका कागदावर लिहून ठेवा. वही कुठे आहे, डिस्क कुणाकडे आहे, दुकानांची यादी कुठे सापडेल, आणि अडचणीच्या वेळी ओळखीच्या कुठल्या प्रोग्रॅमरला फोन करायचा. त्याला आधी विचारून ठेवा. गिटहबचं खातं मोबाइलवरच्या कोडशिवाय उघडत नसेल, तर मोबाइल हरवल्यावर वापरायचे रिकव्हरी कोड छापून त्याच कागदाला टाचा. सगळं एका पाकिटात घालून घरात विम्याचे कागद जिथे असतात तिथे ठेवा, आणि ते कुठे आहे हे आई, नवरा, बायको, भाऊ, ज्यांना सांगायचं त्यांना सांगा. घरच्यांना प्रोग्राम वाचता येण्याची गरज नाही. पाकीट योग्य माणसाच्या हातात दिलं की पुरे. नोंदी नीट असतील, तर तो माणूस पहिल्या पानापासून वाचत जाईल आणि आठवड्याभरात दुकानांचे फोन घ्यायला लागेल.